मानमोडी आणि आपल्या आज्यांच्या कोंबड्या

आज कोंबडीचा इतिहास सांगायचा आहे. हसू नका. राजांचा इतिहास असतो, किल्ल्यांचा असतो, मग ज्या पाखरानं आपल्या घरातलं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या-पेन्सिली चालवल्या, त्याचा का नसावा?

याची सुरुवात झाली आमच्या गटाच्या बैठकीत. कोंबड्यांसाठी कर्ज घ्यावं की नाही, यावर बोलणं चाललं होतं. आमच्यातल्या एक मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या बायांनो, पण माझ्या सासूबाईंच्या तीस कोंबड्या एका आठवड्यात गेल्या होत्या, तेवढं ध्यानात ठेवा." मग दुसऱ्या आजी बोलल्या, मग तिसऱ्या. प्रत्येकीचं साल वेगळं, गाव वेगळं, पण गोष्ट एकच. सकाळी खुराडं उघडावं तर दोन-चार कोंबड्या आडव्या, बाकीच्या पेंगुळलेल्या, हिरवट हगवण, चोच उघडी ठेवून श्वास घेणाऱ्या. एखादीची मान मुरडून पाठीकडे वळलेली. आठ दिवसांत खुराडं रिकामं. कुणी म्हणायचं नजर लागली, कुणी म्हणायचं देवाचा कोंबडा द्यायचा राहिला. नाव मात्र सगळीकडे एकच होतं, मानमोडी.

हे नाव जुनं. 1918 साली माणसांमध्ये इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली, घरंच्या घरं रिकामी झाली, तिलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या रोगाचा त्या साथीशी संबंध नाही. पण ज्या रोगापुढे कुणाचं काही चालत नाही, त्याला लोकांनी तेच नाव दिलं, यावरून त्याची दहशत कळते.

त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं की हे नीट समजून घ्यायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, पुस्तकं मिळवली, जाणत्यांशी बोललो. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट आठवू या. कोंबडी ही बाईची होती. जमीन सातबाऱ्यावर, बैल मालकाचे, म्हशीच्या दुधाचा हिशेबसुद्धा बऱ्याच घरांत पुरुषाकडे. पण अंडं विकायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. लेक सासरी जाताना आई एखादी तलंग बरोबर द्यायची. जिच्याकडे काहीच नाही तिला शेजारीण निम्म्या वाट्यानं कोंबडी पाळायला द्यायची, निघालेली पिल्लं अर्धी-अर्धी. पडलेले दाणे, निवडलेल्या धान्याची कणी, उकिरड्यातले किडे, एवढ्यावर ती जगायची. गावरान कोंबडी वर्षाला साधारण चाळीस ते साठ अंडी देते, तीही तीन-चार वेळा थांबून. शहाण्या माणसांना ही अंडी फार थोडी वाटली. आमच्या आज्यांना वाटली नाहीत, कारण तिच्यावर खर्चच नव्हता.

बाहेरच्या लोकांचा डोळा तिच्यावर असायचाच. इंग्रजांच्या काळात साहेब दौऱ्यावर आला, गावाबाहेर तंबू पडला, की गावानं रसद पुरवायची. त्यात कोंबड्या आणि अंडी आलीच. पैसे मिळाले तर मिळाले. साहेबाच्या नावानं मधलेच कोण किती खात होते, ते आज्याच जाणोत.

आता रोगाकडे येऊ. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांमध्ये नवीन प्रकारची मर आढळली. पुढच्याच एक-दोन वर्षांत हिमालयातल्या कुमाऊं भागात, राणीखेत या गावी, तीच मर दिसली. जगात तिला न्यूकॅसल रोग म्हणतात, आपल्या देशात राणीखेत. दवाखान्यातल्या कागदावर 'राणीखेत' आणि आपल्या तोंडी 'मानमोडी', रोग एकच. तो विषाणूचा आहे. नजरेचा नाही, देवाचाही नाही. एकदा लागला की औषध नाही, पण आधी लस दिली तर बहुतेक कोंबड्या वाचतात.

आणि इथंच आम्ही चकित झालो. ही लस आपल्या देशात कधी तयार झाली असेल? 1940 च्या दशकात. राणीखेतपासून फार दूर नाही अशा मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत. या संस्थेची नाळ तर आपल्या पुण्याशी आहे. 1889 साली ती पुण्यात सुरू झाली आणि 1893 मध्ये मुक्तेश्वरच्या थंड डोंगरावर गेली. रोगाचे जंतू हाताळायचे तर वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. गाई-बैलांच्या बुळकांडीवर तिथं मोठं काम झालं. बैल मेला तर नांगर थांबतो आणि सारा बुडतो, त्यामुळे बैलाच्या रोगाकडे सरकारचं लक्ष आधी गेलं, हे समजण्यासारखं आहे. पण कोंबडीची लसही तिथंच निघाली, आणि ती स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे होती.

मग मावशींच्या सासूबाईंच्या कोंबड्या 1972 च्या दुष्काळाच्या आसपास का मेल्या? लस निघून पंचवीस वर्षं झाली होती. पुण्यात औंधला सरकारी संस्थेत ही लस बनते. पुणं काही लंकेत नाही.

उत्तर कुपीत आहे. लस थंडच ठेवावी लागते, बर्फात. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांचे डोस असतात. कुपी फोडून लस पाण्यात मिसळली की दीड-दोन तासांत संपवायची, नाहीतर ती लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. आता सांगा, जिच्याकडे आठ कोंबड्या आहेत, जिच्या गावात बर्फ नाही, आणि तालुक्याला जायला दिवस मोडतो, तिनं शंभर डोसांची कुपी घेऊन काय करायचं? हजार कोंबड्यांच्या शेडवाल्याला ही कुपी सोयीची. आपल्या खुराड्याच्या मापाची ती नव्हती, आणि ती आपल्या मापाची करून देणं हे काम कुणाचंच नव्हतं.

मधल्या काळात कोंबडीसाठी काहीच झालं नाही असं नाही. खूप झालं, पण सगळं जातीवर झालं. मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या एटा इथं विलायती कोंबड्या आणून वाटल्या. 1939 मध्ये बरेलीजवळ इज्जतनगरला कोंबड्यांच्या संशोधनाचा वेगळा विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर गावोगाव ऱ्होड आयलंड रेड जातीचे तांबडे कोंबडे आणि पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न आले. तुमचा गावठी कोंबडा द्या, आमचा सुधारित घ्या. कल्पना वाईट नव्हती. पण पांढरी कोंबडी माळावर घारीला लांबूनच दिसते, आणि मानमोडी जात विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. पुस्तकात खुडूक होणं हा कोंबडीचा दोष मानलेला आहे. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून निवड करत करत तो गुण जातीतून काढून टाकला. आम्हाला हे वाचून नवल वाटलं. खुडूक कोंबडी म्हणजे आपलं फुकटचं उबवणी यंत्र! ती बसली तर पिल्लं निघणार. जी बसतच नाही ती अंडी भरपूर देते, पण तिच्यानंतर पुन्हा पिल्लं विकतच आणावी लागतात. पुढे आलेल्या गिरिराज, वनराज या जाती चांगल्या आहेत, रंगीत आहेत, माळावर फिरतात, गावरानपेक्षा दुप्पट-तिप्पट अंडी देतात. पण त्याही सहसा बसत नाहीत. कर्ज काढण्याआधी हे प्रत्येकीला माहीत असावं. म्हणून आमच्या गटात बऱ्याच जणी चार-सहा नव्या आणि दोन-तीन गावठी अशा एकत्र ठेवतात, आणि नव्यांची अंडी गावठीच्या पोटाखाली घालतात.

1960 च्या दशकात एक मोठा सरकारी कार्यक्रम आला, अप्लाइड न्यूट्रिशन प्रोग्रॅम. युनिसेफ आणि जागतिक संघटनांची मदत होती, सुरुवात ओडिशापासून झाली. महिला मंडळांनी परसबाग करायची, कोंबड्या पाळायच्या, आणि ती भाजी, ती अंडी गावातल्या गरोदर बायांना आणि लहान मुलांना खायला मिळावीत, असा तो बेत. इतका सरळ विचार त्याआधी क्वचितच झाला असेल. पण अंडं हे रोख पैसा आहे. जे पिकलं त्यातलं बरंच बाजारात गेलं आणि ज्यांच्यासाठी योजना होती त्यांच्या ताटात थोडंच पडलं. याचा दोष त्या बायांना देऊ नये असं आम्हाला वाटतं. घरात तेल नसताना अंडं विकणारी बाई चुकते, असं म्हणायला आमची जीभ वळत नाही.

नंतर पोल्ट्रीचा धंदा वाढला. 1950-51 साली आपल्या देशात वर्षाला माणशी 5 अंडी उपलब्ध होती. 2023-24 मध्ये ती 103 झाली. ही वाढ खरी आहे, तिच्यामुळेच अंडं स्वस्त झालं. पण ती मुख्यतः शेडमधल्या पिंजऱ्यांतली आहे. आज देशातल्या सहा-सात अंड्यांतलं जेमतेम एक परसातलं असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं माणशी वर्षाला 180 अंडी असावीत असं सांगितलं आहे, म्हणजे दिवसाआड एक. आणि 103 ही सरासरी. शहरातला रोज दोन खातो, पाड्यावरची पोर महिन्यात एखादं, तरी सरासरी छान दिसते.

आता शेजारच्या देशात जाऊ, कारण कुपीचं कोडं तिथल्या बायांनी आधी सोडवलं. बांगलादेश 1971 साली स्वतंत्र झाला तेव्हा युद्ध, वादळ आणि भूक यांनी मोडून पडला होता. तिथं 1972 मध्ये ब्रॅक नावाची संस्था उभी राहिली. भूमिहीन बायांनी काय करावं, याचा शोध चालला होता. जमीन नाही म्हणजे शेती नाही, गाय घेण्याची ऐपत नाही. उरली कोंबडी. तिथंही आधी सुधारित कोंबडे वाटून पाहिले होते. मग लक्षात आलं की बाईच्या हाती काही उरत नाही, याचं मोठं कारण मर आहे. घरची कोंबडी आधी मरायची थांबली पाहिजे, मग जातीचं बघू.

म्हणून 1980 नंतरच्या वर्षांत, माणिकगंज भागापासून, त्यांनी गावातल्याच एका बाईला लस द्यायला शिकवलं. लस सरकारी पशुसंवर्धन खात्याची, हात गावच्या बाईचा. कोंबड्या सकाळी सोडण्याआधी ती घरोघर जायची. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुपी. प्रत्येक कोंबडीमागं थोडे पैसे घ्यायची, त्यात तिची मजुरी निघायची. शंभर डोसांची कुपी एका घराला जास्त होती, पण दहा-बारा घरांना बरोबर पुरत होती. एवढंच ते गणित, पण ते मांडायला कुणीतरी खुराड्यापाशी बसावं लागलं.

मग त्याच्याभोवती बाकीची कामं उभी राहिली. कुणी लहान पिल्लं पहिले दोन महिने सांभाळून विकायची, कुणी भाताच्या तुसाची ऊब वापरून अंडी उबवायची, कुणी खाद्य मिसळून विकायची, कुणी अंडी गोळा करून बाजारात न्यायची. आणि बहुतेक जणी आपापल्या अंगणात दहाएक कोंबड्या पाळायच्या. कोंबडीही त्यांनी शोधून निवडली, इजिप्तच्या फायूमी कोंबडीला ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याशी जुळवून झालेली 'सोनाली'. नाव बंगाली, पण आपल्यालाही आपलंच वाटतं.

सगळं गोड नव्हतं. अगदी गरीब बाईला कर्जाचा हप्ता कोंबडी अंड्यावर येण्याआधीच भरावा लागायचा. आणि पुढे तिथल्या काही घरांच्या ताटांची पाहणी झाली. ज्या घरांनी कोंबड्या घेतल्या, तिथल्या बाया आणि मुली अंडी जास्त खायला लागल्या का? फारशा नाही. मात्र त्या मासळी जास्त खायला लागल्या. अंडी विकून आलेल्या पैशात मासळी आली. आम्ही हे वाचलं तेव्हा गटात वाद झाला. एक म्हणाली, "मग बरोबरच आहे, अंडं नाही तर मासा, पोटात गेलं ना!" दुसरी म्हणाली, "ते मासे खाणाऱ्या बंगाल्यांचं. आपल्याकडे अंड्याच्या पैशाचं काय येतं? पोरांना बिस्किटाचा पुडा आणि मोबाईलचा रिचार्ज."

त्या दिवशी वही काढून आम्ही खरंच लिहिलं. बारा जणी, एक महिना, घरची अंडी कुणी खाल्ली. निघालं ते असं. पाहुण्यांनी सगळ्यात जास्त. मग घरधनी आणि मुलगे. मुली त्यानंतर. आम्ही स्वतः बारा जणींनी मिळून महिन्यात पाच अंडी खाल्ली होती. आमच्यात एक सून सहा महिन्यांची गरोदर होती, तिच्या नावापुढं शून्य. सासूबाई काही वाईट नव्हत्या, अंडं उष्ण पडतं म्हणून त्यांनी जपून दिलं नव्हतं. अंगणवाडीच्या ताईंनी बसून समजावलं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय जीवनसत्त्वं, आणि नीट उकडलेलं अंडं गरोदर बाईला चालतं, नव्हे हवंच असतं. राज्य सरकारनं 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली, तिच्यात पुढे लहान मुलांना आठवड्यात चार दिवस अंडं द्यायचं ठरलं, ते उगाच नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून उकडायला लागल्या.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्हाला एका योजनेतून पिल्लं मिळाली. अकरा जणींना प्रत्येकी वीस, बरोबर एक जाळीचा पिंजरा. फोटो झाले. लस झाली का, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं, तर "सगळं झालंय" असं उत्तर मिळालं. कागद काही मिळाला नाही, आणि आम्ही मागितलाही नाही. तिसऱ्या आठवड्यात माना मुरडू लागल्या. दोनशेवीस पिल्लांतली एकतीस उरली. दोघींनी पिंजऱ्यासाठी वरचे पैसे घातले होते, ते फेडायला वर्ष लागलं. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघायची आमची हिंमत नव्हती.

आणखी एक इतिहास आपल्या राज्यातलाच आहे, तो विसरून चालणार नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरायला लागल्या. ही मानमोडीच, असं पोल्ट्रीवाले म्हणत राहिले. तपासणीत निघाला बर्ड फ्लू, देशात पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही तो सापडला. पथकं आली आणि आसपासच्या गावांतल्या कोंबड्या मारल्या गेल्या, शेडमधल्याही आणि अंगणातल्याही. ते करणं भाग होतं, पण ज्या बाईच्या पाच कोंबड्या होत्या तिचं तर सगळंच गेलं. म्हणून एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर "मानमोडी असेल" म्हणून घरी बसू नका. मेलेलं पाखरू उघड्या हातानं धरू नका, कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. आधी दवाखान्यात कळवा, आणि ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा.

आमच्या त्या फजितीनंतर आमच्यातली एक जण पशुसखीचं प्रशिक्षण घेऊन आली. सुरुवातीला तिचीच जाऊबाई म्हणाली, "ही काय डॉक्टरीण झाली!" आता तीच तिला पहाटे चहा देते. पिल्लू सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब, आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली टोचायची दुसरी लस. पुढे कधी द्यायची ते डॉक्टर सांगतात. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला ती लस देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तारीख, घर, किती कोंबड्या, सगळं तिच्या वहीत असतं. गेल्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीवर मर आली तेव्हा आमच्याही काही गेल्या, पण खुराडं कुणाचंच रिकामं झालं नाही.

तर ऐका. या शनिवारी आपल्याकडे लस आहे. शुक्रवारी रात्रीच कोंबड्या मोजून ठेवा आणि पशुसखीला आकडा कळवा, म्हणजे किती कुप्या आणायच्या ते ठरेल. शनिवारी पहाटे साडेपाचपासून ती खालच्या आळीपासून सुरुवात करेल. बर्फ दूध डेअरीतून मिळणार आहे. ती दारात येईपर्यंत खुराडं उघडू नका, डालगं उचलू नका. मागच्या वेळी तीन घरांच्या कोंबड्या आधीच माळावर गेल्या होत्या, त्यांच्यामागं धावण्यात अर्धा तास गेला आणि कुपीतली शेवटची वीस टोचणी फेकून द्यावी लागली.